न्यायाधीशांची निवड आणि पक्षसंबंध : नागपूरच्या न्यायपीठावरून

अमेरिकेतील अनेक घटकराज्यांत वरिष्ठ न्यायालयांचे न्यायाधीश लोकमताने निवडले जातात, आणि टेक्सास, अलाबामा यांसारख्या काही राज्यांत तर मतपत्रिकेवर उमेदवाराच्या नावासमोर त्याच्या पक्षाचेही नाव छापलेले असते. मिसिसिपीने १८३२ मध्ये व न्यू यॉर्कने १८४६ मध्ये हा मार्ग पत्करला, त्या वेळी तो सुधारणेचा मार्ग मानला गेला. राज्यपाल व विधिमंडळ यांच्या कृपेने मिळणाऱ्या न्यायासनापेक्षा लोकांनी दिलेले न्यायासन अधिक स्वतंत्र, असा त्यामागील विचार होता. आपल्याकडे हा प्रयोग ह्या पातळीवर कधीच झाला नाही. १९५८ च्या मुंबई ग्रामपंचायत अधिनियमात निवडलेल्या सदस्यांच्या न्यायपंचायतीची तरतूद होती; तीही पुढे वगळण्यात आली.

नागपूरचे उच्च न्यायालय ९ जानेवारी १९३६ रोजी सुरू झाले. तेथील न्यायाधीश सम्राटाच्या नेमणुकीने आले; त्यांतूनच व्हिवियन बोस आणि महंमद हिदायतुल्ला हे पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. स्वातंत्र्यानंतर ही नेमणूक कोणाच्या हाती द्यावी, हा प्रश्न संविधान सभेपुढे आला. २४ मे १९४९ रोजी डॉ. आंबेडकरांनी दिलेले उत्तर आजही वाचण्याजोगे आहे. केवळ कार्यकारी सत्तेच्या मर्जीवर नेमणूक सोडणे त्यांना धोक्याचे वाटले. विधिमंडळाच्या संमतीने राजकीय दडपण शिरेल, अशीही त्यांना भीती होती. आणि सरन्यायाधीशाला नकाराधिकार देण्यासही ते राजी नव्हते, कारण सरन्यायाधीशही अखेर माणूसच. म्हणून त्यांनी सल्लामसलतीचा मध्यममार्ग स्वीकारला. सार्वत्रिक निवडणुकीचा पर्याय त्या चर्चेत नव्हताच, ही बाब लक्षणीय आहे.

सल्ला किती बांधील, हे मात्र त्या मध्यममार्गाने स्पष्ट केले नव्हते. १९७३ मध्ये शेलट, हेगडे व ग्रोव्हर ह्यांना डावलून अजित नाथ राय सरन्यायाधीश झाले. आणीबाणीत, १९७६ मध्ये, सोळा उच्च न्यायालयीन न्यायाधीशांच्या बदल्या झाल्या. त्याच काळात स्थानबद्धांना न्यायालयाचे दार बंद करता येणार नाही, असे म्हणणाऱ्या न्यायपीठांत नागपूरचेही एक होते. तो निर्णय २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी फिरविला. नेमलेला न्यायाधीश निर्भय असू शकत नाही, ह्या आक्षेपाला हा प्रसंगच पुरेसे उत्तर आहे. पण त्याला निर्भयतेची किंमत मोजावी लागू शकते, हेही तितकेच खरे. १९९३ च्या निर्णयाने नेमणुकीतील निर्णायक शब्द न्यायाधीशमंडळाकडे आला, आणि तो संसदेच्या सहभागाने बदलण्याचा प्रयत्न सर्वोच्च न्यायालयाने १६ ऑक्टोबर २०१५ रोजी रद्द ठरविला. आंबेडकरांनी नाकारलेलाच अधिकार अशा रीतीने प्रस्थापित झाला.

तथापि नेमणुकीमुळे पक्षसंबंध पुसले जातात, असे समजणे भोळेपणाचे होईल. नागपूर खंडपीठात वकिली केलेले न्यायमूर्ती भूषण गवई ह्यांचे वडील रा. सू. गवई हे सर्वज्ञात राजकीय नेते. २१ जुलै २०२३ रोजी राहुल गांधींच्या अर्जाच्या वेळी न्यायमूर्तींनी आपल्या वडिलांचा काँग्रेसशी दीर्घकाळ निकटचा संबंध होता व बंधू त्या पक्षात आहेत, असे स्वतःच सांगून दोन्ही बाजूंची हरकत विचारली. हरकत आली नाही. ४ ऑगस्टला दोषसिद्धीला स्थगिती मिळाली.

ह्याच्या शेजारी वेस्ट व्हर्जिनियाचा खटला ठेवून पाहावा. एका कोळसा कंपनीविरुद्ध पाच कोटी डॉलरचा निवाडा झालेला असता, तिच्या प्रमुखाने २००४ च्या निवडणुकीत एका उमेदवाराच्या यशासाठी सुमारे तीस लाख डॉलर खर्च केले. तो उमेदवार निवडून आला, खटल्यातून बाजूला होण्यास त्याने नकार दिला, आणि निवाडा तीन विरुद्ध दोन मतांनी फिरला. २००९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ह्यात योग्य प्रक्रियेचा भंग झाल्याचे ठरविले, तेही पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने. पुढे त्या राज्याने मतपत्रिकेवरील पक्षाचे नाव काढून टाकले.

प्रस्तुत लेखकाच्या मते दोहोंतील भेद पक्षाच्या अस्तित्वात नसून ऋणाच्या स्वरूपात आहे. घराण्यातून आलेला संबंध न्यायासनावर उघड सांगता येतो व त्यावर पक्षकाराला बोलता येते. निवडणुकीच्या खर्चातून आलेला संबंध पुढच्या निवडणुकीपर्यंत जिवंत राहतो. मात्र आपल्या पद्धतीत तो उघड करणे आजही न्यायाधीशाच्या सद्सद्विवेकावरच सोपविलेले आहे.