मुल्लांची पेढी, मुल्लांचे पुस्तक

शहाद्या-नंदुरबारकडे शेताच्या वाटणीवरून भाऊ-भाऊ कोर्टात गेले, की वकीलसाहेब कपाटातला जाडजूड ग्रंथ काढून म्हणतात, "मुल्ला काय म्हणतात, पाहू!"

हे मुल्ला मशिदीतले नव्हेत. मुंबईचे पारशी, सर दिनशा फर्दुनजी मुल्ला. जन्म 1868 चा. 1895 साली त्यांनी भाऊ रुस्तमजी यांच्यासह 'मुल्ला अँड मुल्ला' ही सॉलिसिटरांची पेढी काढली. त्या वेळी मुंबईत सॉलिसिटराने कागद तयार करायचे नि बॅरिस्टराने कोर्टापुढे बोलायचे, अशी रीत होती. आपला तालुक्याचा वकील दोन्ही एकटाच करी! कागद नेमका लिहायची सवय मुल्लांना पेढीतच जडली असावी, असे मला वाटते. 1912 साली त्यांचा हिंदू कायद्यावरचा ग्रंथ निघाला. मुसलमानी कायद्यावरही त्यांनी लिहिले. स्वतःचा धर्म तिसराच! 1930 साली ते प्रिव्ही कौन्सिलवर गेले, 1934 साली वारले.

ग्रंथ मात्र पुढच्या संपादकांनी चालू ठेवला. 1956 चा वारसा कायदा आला, 2005 साली वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क मिळाला. पण हा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. अक्राणीची एखादी पावरा बाई हिस्सा मागायला आली, तर वकिलाला मुल्ला मिटून आधी तिच्या समाजाची रूढी विचारावी लागते.