घरं पाडणारे फायरब्रिगेडवाले

गेल्या शनिवारी भाचा राहायला आला होता. वय वर्षं सोळा, त्यामुळे टीव्हीचा रिमोट त्याच्याकडे. "मामा, हे बघच तू," म्हणत त्याने 'फायर फोर्स' नावाची जपानी अ‍ॅनिमे लावली. आत्सुशी ओकुबोची ही मूळ चित्रकथा २०१५ ते २०२२ या काळात चालली आणि २०१९ पासून त्यावर अ‍ॅनिमे आली. गोष्ट थोडक्यात अशी, की माणसं अचानक आपोआप पेट घेतात आणि आगीचे राक्षस होतात. त्यांना शांत करायला फायरब्रिगेडच्या खास तुकड्या असतात, आणि त्यातल्या काहींच्या अंगातच आग असते. नायक शिनराच्या तर पायांतून ज्वाळा निघतात आणि तो रॉकेटसारखा उडतो. मी आपला चहा पीत, अर्धं लक्ष देऊन बघत होतो.

मग सातवी तुकडी आली आणि मी चहा खाली ठेवला.

ही तुकडी तोक्योच्या आसाकुसा भागातली. तिचा प्रमुख बेनिमारू. वस्तीतला कोणी राक्षस झाला की हा त्याच्याशी लढताना आजूबाजूची घरं खुशाल पाडत सुटतो. लोक रागावतात का? अजिबात नाही! उलट त्याला ओरडून प्रोत्साहन देतात आणि नंतर सगळे मिळून घरं परत उभी करतात. मी भाच्याला म्हटलं, "हे काय? आग विझवायला आलेत की घरं पाडायला?" तो म्हणाला, "मामा, त्याचं टोपणनावच विध्वंसाचा राजा आहे."

रात्री झोप येईना म्हणून वाचत बसलो, आणि लक्षात आलं की यात लेखकाने फारसं काही बनवलेलंच नाही. जुन्या जपानचे फायरब्रिगेडवाले खरोखरच घरं पाडायचे. तेच त्यांचं मुख्य काम!

तोक्योचं जुनं नाव एदो. लाकडाची, कागदी दारांची घरं, एकाला एक चिकटून. हिवाळ्यात कोरडा वारा सुटायचा. अशा गावात एक चूल कलंडली तरी काय होईल ते सांगायला नको. मार्च १६५७ मध्ये झालंही तसंच. त्या आगीत अर्ध्याहून जास्त शहर जळालं. मेलेल्यांचा आकडा काही अंदाजांनुसार एक लाखापर्यंत जातो. शोगुनच्या किल्ल्याचा उंच मनोराही त्यात गेला आणि तो पुन्हा कधीच बांधला नाही. होशिना मासायुकी नावाच्या कारभाऱ्याने सल्ला दिला, की आधी शहर उभं करा, मनोऱ्यावाचून काही अडत नाही. त्या मनोऱ्याचा रिकामा दगडी चौथरा आजही तोक्योच्या राजवाड्याच्या बागेत बघायला मिळतो.

याच आगीची एक हकीकत सांगतात. तुरुंगापर्यंत आग आली तेव्हा तिथल्या अधिकाऱ्याने, इशिदे तातेवाकीने, कैद्यांना मोकळं सोडलं. अट एकच, जगलात तर परत या. पण कैदी पळाले अशी अफवा पसरली आणि आसाकुसाच्या वेशीवरच्या पहारेकऱ्यांनी दरवाजा बंद करून टाकला. मागून आग, पुढे बंद दरवाजा. हजारो माणसं तिथे मेली. कैदी मात्र शब्दाप्रमाणे परत आले, असं जुने वृत्तांत म्हणतात.

पुढे १७१८ च्या सुमारास ओओका तादासुके या न्यायाधीशाने सामान्य वस्त्यांसाठी नागरिकांची पथकं काढायला लावली आणि १७२० मध्ये त्यांची नीट मांडणी केली. जपानी 'इ-रो-हा' या वर्णमालेतल्या एकेका अक्षराचं एक पथक. गंमत म्हणजे काही अक्षरं गाळली. 'हि' म्हणजे आग, ते अशुभ! 'हे' म्हणजे... पादणं. पथकाला असं नाव कोण घेणार? :-) त्यांच्या जागी शंभर, हजार वगैरे अर्थाचे शब्द वापरले.

आता पाणी का नाही मारायचे? लाकडी पंप अठराव्या शतकात आले खरे, पण त्यांची धार मोठ्या आगीपुढे अगदीच केविलवाणी. मग उपाय एकच. आग जिकडे चालली आहे तिकडची घरं आधीच पाडून टाकायची, म्हणजे तिला पुढे खायला काही उरत नाही. त्यासाठी लांब दांड्याचे आकडे आणि ते चालवणारी माणसं हवीत. ही माणसं म्हणजे 'तोबी', बांधकामावर उंच चढून लाकडं उभारणारे कामगार. घर उभं कसं राहतं हे ज्याला ठाऊक, त्यालाच ते झटकन पाडता येतं. आणि नंतर ते पुन्हा बांधायलाही तोच!

इथे माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. फायरवॉल हा शब्द आपण दिवसातून दहा वेळा वापरतो, पण त्याची किंमत कोणी मोजली हे विचारत नाही. काही वर्षांपूर्वी एका रात्री आमची सिस्टिम कोसळायला लागली होती. मुख्य सेवा वाचवायची म्हणून मी एक दुय्यम सर्व्हर बंद केला. एक कमांड, एक एंटर. दुसऱ्या दिवशी कळलं, की त्या सर्व्हरवर दुसऱ्या शहरातली चार माणसं रात्रभर काम करत बसली होती आणि त्यांचं सगळं गेलं. निर्णय चुकीचा नव्हता, आजही तोच घेईन. पण त्या चौघांची नावंसुद्धा मला माहीत नव्हती.

एदोत ही सोय नव्हती. प्रत्येक पथकाकडे 'मातोई' असायची, म्हणजे उंच काठीवर पथकाचं चिन्ह आणि खाली झिरमिळ्या. तिचं वजन वीस किलोच्या आसपास. ती घेऊन एक माणूस आगीजवळच्या छपरावर चढायचा आणि तिथेच उभा राहायचा. अर्थ असा, की आग इथे थांबवायची. साथीदारांनी ती थांबवली नाही तर पहिला जळणार तो. ज्यांची घरं पाडली जात होती ते सगळे खालून त्याला बघत असायचे. त्यातले बरेच त्याला ओळखतही असणार, कारण पथक त्याच वस्तीचं.

सगळं छानच होतं असं नाही. आगीनंतर बांधकामाची कामं याच लोकांना मिळायची, त्यामुळे ते मुद्दाम आग पसरू देतात अशा तक्रारी झाल्या. १८०५ मध्ये 'मे' पथकाची सुमो पैलवानांशी झालेली हाणामारी तर इतकी गाजली, की पुढे त्यावर काबुकी नाटक आलं. दुसऱ्याचं घर पाडायचा अधिकार हातात आला की माणूस बिघडू शकतोच. बेनिमारूच्या वस्तीत असा संशय कोणी घेत नाही. गोष्ट ती तिथे!

भाच्याला हे सगळं सकाळी सांगितलं, तेव्हा त्याने मला एक माहिती दिली. १८ जुलै २०१९ रोजी क्योतो अ‍ॅनिमेशन या स्टुडिओला एका माणसाने आग लावली. ३६ जण गेले, चित्रं काढणारी माणसं. दुसऱ्याच दिवशी 'फायर फोर्स'चा तिसरा भाग दाखवायचा होता. तो पुढे ढकलला गेला. "बरं केलं," भाचा म्हणाला, आणि थोडा वेळ आम्ही दोघंही गप्प बसलो.

तोक्योचं फायरब्रिगेड दर वर्षी जानेवारीत संचलन करतं. आधुनिक गाड्या, शिड्या, पाण्याचे फवारे असतातच, पण त्यांच्याबरोबर जुन्या पद्धतीचे अंगरखे घातलेली माणसं मातोई नाचवत येतात. आता पाण्याला जोर आहे, घरं पाडायची गरज नाही. तरी ती काठी त्यांनी टाकलेली नाही.

मी मात्र सोमवारी ऑफिसात जाऊन एक छोटं काम केलं. कोणता सर्व्हर बंद केला तर नक्की कोणाचं काम थांबतं, त्यांची नावं आणि फोन नंबर एका कागदावर लिहिले आणि माझ्या टेबलासमोर चिकटवले. मातोई नाही म्हणता येणार त्याला, पण पुढच्या वेळी एंटर दाबण्याआधी निदान ती नावं तरी वाचीन.

असो. भाचा पुढच्या शनिवारी दुसरा सीझन घेऊन येतोय. चहा आधीच पिऊन बसणार आहे.