हुक्का, फिल्टर आणि वाफ

अकबर बादशहाचा असद बेग नावाचा एक अधिकारी विजापूरच्या आदिलशाही दरबारातील कामगिरी आटोपून १६०४-०५ च्या सुमारास उत्तरेस परतला. त्याने बादशहासाठी आणलेल्या नजराण्यात एक अपूर्व चीज होती : तंबाखू आणि ती ओढण्याची रत्नजडित नळी. हिंदुस्थानात असे काही आपण पूर्वी पाहिले नव्हते, असे त्याने आपल्या आठवणींत नमूद केले आहे. ही वस्तू औषधी म्हणून आणली आहे, असे दरबारात सांगण्यात आले. बादशहाने कुतूहलाने थोडे झुरके घेतले, तोच हकीम आडवा आला. ज्या वस्तूची आपल्या शहाण्यांनी परीक्षा केलेली नाही, ती घेऊ नये, असे त्याचे म्हणणे. त्यावर असद बेगचे उत्तर असे, की फिरंगी लोक काही अडाणी नव्हेत आणि प्रत्येक प्रथा केव्हातरी नवीच असते. अकबराने असद बेगच्या युक्तिवादाचे कौतुक केले. सवय मात्र लावून घेतली नाही. पण असद बेगने उरलेली तंबाखू सरदारांत वाटली, सरदारांकडून मागणी आली, व्यापाऱ्यांनी ती हेरली आणि पाहता पाहता तंबाखू बाजारात विकू लागली.

सीमाभागातील वाचकांना विजापूर काही परके नाही. पोर्तुगीजांनी आणलेले हे पान त्यांच्या शब्दासह आपल्याकडे आले, आणि तो शब्द मराठीत असा मुरला की ‘तंबाखू’ परकी आहे हे कुणाच्या ध्यानीही येत नाही. मी येथे ही गोष्ट सांगितली ती वेगळ्या कारणासाठी. औषध म्हणून ओळख, उंची वस्तू म्हणून अपूर्वाई आणि शेवटी बाजार, या तीन पायऱ्या त्या एका प्रसंगात दिसतात. पुढील चारशे वर्षांत धूर ओढण्याची साधने अनेकदा बदलली. पायऱ्या त्याच राहिल्या.

पहिले साधन हुक्का. धूर पाण्यातून आला की त्याचे विष पाण्यात उतरते, हा समज आजही ऐकू येतो. पाण्यातून धूर ओढण्याच्या युक्तीचे श्रेय परंपरेने अकबराच्या दरबारातील हकीम अबुल फतह गिलानी याला दिले जाते. इतिहासाच्या शिक्षकाला येथे थोडे थांबावे लागते, कारण हा हकीम १५८९ मध्ये वारला आणि असद बेगची तंबाखू त्यानंतर पंधरा वर्षांनी आली. तेव्हा दंतकथा दंतकथेच्या जागी ठेवावी. पण ती टिकली का, हे पाहण्यासारखे आहे. हकिमाने शोधलेला धूर निर्धोकच असणार, असे लोकांना वाटले. पाण्याने धूर थंड होतो, घशाला बोचत नाही एवढे खरे. निकोटिन आणि कोळशाचा विषारी वायू मात्र ओढणाऱ्याच्या छातीत जातोच. जहांगीराने १६१७ मध्ये तंबाखूला मनाई केली. तिचा किती उपयोग झाला, हे पुढे घरोघर गुडगुडणाऱ्या हुक्क्यांनीच सांगितले.

हुक्का बैठकीतला, कष्टकऱ्याच्या खिशात बसली ती विडी. नाव ‘विड्या’चे, काम धुराचे. या विडीचे घर शोधू गेले तर ते दोन भाषांत सापडते. तेंदूचे पान आमच्या मध्य प्रदेशच्या जंगलातले. त्याचा व्यापार येथे १९६४ च्या कायद्याने शासनाने आपल्या हाती घेतला. विडीची तंबाखू निपाणीच्या परिसरातली. एप्रिल १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखालील निपाणीच्या आंदोलनात तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांवर गोळीबार होऊन बारा जणांचे प्राण गेले, हे सीमाभागाला सांगायला नको. विडीच्या धुराआड शेतकरी आहे, पाने तोडणारा आदिवासी आहे आणि सुपात पाने घेऊन विड्या वळणारी बाई आहे. पुढे कायद्याचा विचार करताना हे लक्षात ठेवावे लागेल.

तिसरे साधन सिगारेट. १९५० मध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल या इंग्रज संशोधकांनी सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवून दिला. कंपन्यांनी उत्तर शोधले ते फिल्टरचे. १९५२ मध्ये अमेरिकेत ‘केंट’ नावाची सिगारेट खास गाळणीसह बाजारात आली आणि आरोग्याची काळजी घेणाऱ्यांसाठी म्हणून तिचा गाजावाजा झाला. त्या गाळणीत ॲस्बेस्टॉस होते! १९५६ पर्यंत ते वापरात राहिले. जे विष गाळायला गेले, त्यात दुसऱ्या विषाची भर पडली.

आता चौथे साधन. २००३ च्या सुमारास होन लिक या चिनी औषधतज्ज्ञाने आजच्या इलेक्ट्रॉनिक सिगारेटचा पाया घातला. तो स्वतः धूम्रपान करणारा होता. या नळीत पाने जळत नाहीत. बॅटरीवर एक तार तापते आणि निकोटिन, ग्लिसरीन, सुगंधी द्रव्ये यांचे मिश्रण बारीक तुषारांच्या रूपाने छातीत जाते. लोक त्याला वाफ म्हणतात. डांबर आणि विषारी वायू यांचे प्रमाण जळत्या सिगारेटपेक्षा बरेच कमी असते, हे मान्य करायला हवे. निकोटिनच्या पट्ट्यांपेक्षा या साधनाने काही अधिक लोकांची सिगारेट सुटते, असेही चाचण्यांत आढळले आहे. म्हणून इंग्लंडच्या डॉक्टरांनी जुन्या धूम्रपान्यांसाठी ते स्वीकारले. परंतु कमी घातक म्हणजे निर्धोक नव्हे, हेही तेच डॉक्टर सांगतात.

प्रौढांमध्ये ते कोण वापरते, हे पाहिले म्हणजे चित्र उघडते. ब्रिटनमध्ये २०२४ च्या पाहणीत सुमारे ११ टक्के प्रौढ ते वापरत होते आणि त्यांत निम्म्याहून अधिक पूर्वी सिगारेट ओढणारे होते. अमेरिकेत २०१९ मध्ये ४.५ टक्के प्रौढ ते वापरत. २०२३ मध्ये ६.५ टक्के. पण तिथे सर्वांत मोठे प्रमाण २१ ते २४ वयाच्या तरुणांत, १५.५ टक्के! साधन एकच, पण चाळिशीपुढचा माणूस त्याने एका व्यसनाच्या दारातून बाहेर पडू पाहतो, तर विशीतला त्याच दारातून आत शिरतो.

आपल्याकडे २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत या साधनाचे नाव ऐकलेले प्रौढ अवघे ३ टक्के होते आणि वापरणारे ०.०२ टक्के. २०१९ मध्ये केंद्राने कायदा करून त्याचे उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात आणि साठवण यांवर बंदी घातली. त्याच पाहणीत कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेणारे प्रौढ मध्य प्रदेशात ३४.२ टक्के, महाराष्ट्रात २६.६, कर्नाटकात २२.८ आणि गोव्यात ९.७ होते. देशभर ओढणाऱ्यांच्या दुप्पट लोक तंबाखू खातात, दातांना लावतात किंवा गालात धरतात. म्हणजे जे फार थोड्यांच्या हाती होते ते बंद झाले, आणि जे घराघरात आहे ते कर भरून चालू राहिले. माझ्या मते याचे कारण उघड आहे. वाफेमागे आपल्याकडे शेतकरी नव्हता, विडी वळणारी बाई नव्हती, महसूलही नव्हता. बंदी सोपी होती.

बंदीचे पुढे काय होते, हे आम्ही इंदूरकरांनी डोळ्यांनी पाहिले आहे. १ एप्रिल २०१२ पासून मध्य प्रदेशात गुटखाबंदी झाली. देशात असे करणारे हे पहिले राज्य. गुमटीवर, म्हणजे तुमच्याकडील टपरीवर, एका पुडीच्या दोन पुड्या झाल्या : एकीत पानमसाला, दुसरीत जर्दा. गिऱ्हाईक तळहातावर दोन्ही एकत्र करते आणि कायदा पाहत राहतो. २०१७ पासून आमचे शहर स्वच्छतेत देशात पहिले येत राहिले, भिंतींवरच्या पिचकाऱ्या कमी झाल्या, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण भिंत स्वच्छ झाली म्हणजे तोंड स्वच्छ झाले असे नव्हे. २००३ च्या कायद्याने शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकता येत नाही. मुख्याध्यापक म्हणून ती हद्द मी मोजून घेतली आहे. एकशे एकाव्या यार्डावर गुमटी उभी असतेच.

मध्यंतरी माझा एक जुना विद्यार्थी भेटीस आला. वय तिशीचे, पुण्यात चांगली नोकरी. बोलता बोलता खिशातून पेनाच्या टोपणाएवढी वस्तू काढून म्हणाला, “सर, सिगारेट सोडली मी. हा धूर नाही, वाफ आहे.” ती बेकायदा आहे हे त्याला ठाऊक होते, मिळण्यात अडचण नव्हती. मी विचारले, “दिवसातून किती वेळा ओढतोस?” तो क्षणभर थांबला. “ते मोजता येत नाही, सर. सिगारेट संपायची. ही संपतच नाही.” त्याच्या आईला यातले काही माहीत नव्हते. कपड्यांना वास येत नाही, राख पडत नाही, काडी लागत नाही. पूर्वी घरातल्या माणसांना व्यसन नाकाने कळे. आता तेही कळत नाही.

मला वाटते, चारशे वर्षांच्या या कथेचे सार एवढेच आहे. पाणी, गाळणी आणि बॅटरी यांनी धुराचे रूप बदलले. निकोटिनची ओढ कुणीच गाळली नाही. ज्याला तीस वर्षांची विडी सोडायची आहे त्याला उपदेशापेक्षा मदत हवी. त्यासाठी शासनाची १८००-११२-३५६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे, सरकारी रुग्णालयांत सल्ला मिळतो. घरच्यांनी हिणवण्याऐवजी सोबत जावे. आणि ज्याने अद्याप सुरुवातच केलेली नाही, त्या विशीतल्या मुलाला ‘ही वाफ कमी वाईट आहे’ हे सांगणे निरर्थक आहे. त्याच्या बाबतीत तुलना सिगारेटशी नसून स्वच्छ हवेशी आहे. आपल्या घरांत मराठीबरोबर हिंदी किंवा कन्नड बोलली जाते. या दिवाळीत सगळे एकत्र बसतील तेव्हा कोणत्याही भाषेत का होईना, हा विषय एकदा मोकळेपणाने निघावा. कायदा शंभर यार्डांपर्यंत पोचतो. त्याच्या पुढचे अंतर घरालाच चालावे लागते.