वारा आणि ध्रुवसमुद्राचा बर्फ

सन १८८४ मध्यें ग्रीनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर, युलियानेहोब गांवाजवळ, वाहत आलेल्या बर्फावर कांहीं क्षुल्लक वस्तू सांपडल्या : शिध्याची एक यादी, होड्यांची एक यादी, आणि एका खलाशाचें नांव असलेली मेणकापडाची विजार. वस्तू 'जॅनेट' या अमेरिकन जहाजाच्या होत्या. आणि तें जहाज तर जून १८८१ मध्यें सैबीरियाच्या उत्तरेस बर्फांत चिरडून बुडालें होतें! पृथ्वीच्या माथ्याच्या एका बाजूची विजार दुसऱ्या बाजूस आली कशी ? नॉर्वेचे हवामानशास्त्रज्ञ हेन्रिक मोन यांनीं अनुमान बांधलें कीं, ध्रुवसमुद्रांतील बर्फ स्थिर नसून तो सैबीरियाकडून ग्रीनलंडकडे वाहत असला पाहिजे.

हें अनुमान फ्रिट्यॉफ नान्सेन यांनीं जिवावर उदार होऊन पारखलें. बर्फाचा दाब येतांच चिरडलें न जातां वर उचललें जावें अशा बेतानें त्यांनीं 'फ्राम' हें वाटोळ्या तळाचें जहाज बांधविलें. सप्टेंबर १८९३ मध्यें तें मुद्दाम बर्फांत अडकवून घेण्यांत आलें, आणि १३ ऑगस्ट १८९६ रोजीं स्पिट्सबर्गेनजवळ मोकळ्या पाण्यांत बाहेर पडलें. मध्यंतरीं नान्सेन एका सोबत्यासह कुत्र्यांच्या गाड्या घेऊन ध्रुवाकडे निघाले व ८६ अंश १४ कलांवरून परतले. कीर्ति त्या साहसाला मिळाली. शास्त्राला मात्र जहाजावरील नोंदवह्यांचा उपयोग अधिक झाला, असें म्हटल्यानें त्या साहसाचा उपमर्द होणार नाहीं. नोंदींवरून दिसलें कीं, बर्फ वाऱ्यामागें जातो खरा, परंतु नेमका वाऱ्याच्या दिशेनें नव्हे. तो उजवीकडे २० ते ४० अंश कलतो. पृथ्वीचें स्वतःभोंवतीं फिरणें हें याचें कारण नान्सेन यांनीं ताडलें, आणि स्वीडनच्या एकमान यांनीं तें १९०५ मध्यें गणितानें मांडलें.

उन्हाळ्यांत बर्फ किती टिकावा याचा निर्णय बराचसा या कलण्यांतच आहे. अलास्काच्या उत्तरेस ब्यूफोर्ट समुद्रावर बहुधा हवेचा भार अधिक असतो, व वारे त्याभोंवतीं घड्याळाच्या कांट्यांप्रमाणें फिरतात. उजवीकडे कलणारा बर्फ त्यामुळें मध्याकडे गोळा होतो आणि एकावर एक चढून जाड होतो. भार कमी असला कीं वारे उलट फिरतात. बर्फ पांगतो, फटी पडतात, आणि शुभ्र बर्फानें परत फेंकलें असतें तें ऊन काळें पाणी शोषून घेतें. पण अशा वेळीं आकाश ढगाळ, म्हणून ऊनच थोडें ! ऋतूचा अंदाज अवघड होतो तो यामुळेंच.

२००७ च्या उन्हाळ्यांत ब्यूफोर्टवर भार अधिक, सैबीरियाकडे कमी, आणि दोहोंमधून दक्षिणेचा उबदार वारा थेट ध्रुवापलीकडे, असा योग जुळून आला. निरभ्र आकाश लाभलें, आणि बर्फ ग्रीनलंडकडील सामुद्रधुनीच्या रोखानें रेटला गेला. सप्टेंबरांत तो सुमारें ४२ लक्ष चौरस किलोमीटर एवढाच उरला. त्याच काळांत 'तारा' हें फ्रेंच जहाज जवळजवळ फ्रामच्याच मार्गानें बर्फाबरोबर वाहत होतें. फ्रामला जेथें तीन वर्षें लागलीं, तेथें त्याला सुमारें सोळा महिने पुरले.

पुढें ऑगस्ट २०१२ मध्यें मध्य ध्रुवसमुद्रावर प्रचंड वादळ झालें; त्याच्या केंद्रीं हवेचा भार सुमारें ९६६ मिलिबारपर्यंत उतरला होता. सप्टेंबरांत बर्फाचा विस्तार सुमारें ३४ लक्ष चौरस किलोमीटरवर आला. सारा दोष वादळाच्या माथीं मारण्याचा मोह होतो. परंतु मागाहून गणित करून पाहतां, तें वादळ झालें नसतें तरीहि नीचांक बहुधा झालाच असता असें आढळलें. बर्फ आधींच पातळ झालेला होता.