आंतरराष्ट्रीय : करण की भवन?

रायपूरहून दुर्गकडे जाताना खारून नदी ओलांडली की कुम्हारी लागते. या भागातील हिंदी मजकुरात हा शब्द कधी ‘अंतर्राष्ट्रीय’, कधी ‘अंतरराष्ट्रीय’ असा भेटतो. आम्हां मराठी माणसांचा हात मात्र ‘आंतरराष्ट्रीय’कडे वळतो. पाणिनीला विचारले तर तो तिघांनाही नापास करील. ‘अंतर्’पुढे ‘र’ आला की पहिला रेफ लोपतो व मागचा स्वर दीर्घ होतो. ‘निर्’ आणि ‘रोग’ यांचे ‘नीरोग’ होते ते याच न्यायाने. म्हणून संस्कृतात ‘अन्ताराष्ट्रिय’ लिहितात. मराठीने निराळी वाट धरली. ‘अंतर्गत’ म्हणजे आतले, ‘आंतरजातीय’ म्हणजे दोहोंमधले, असा भेद तिने आपल्यापुरता करून घेतला. साने गुरुजींची ‘आंतरभारती’ त्याच वळणाची. हा भेद आम्हांला संधिनियमाहून मोलाचा वाटतो.

मूळ इंग्रजी शब्दही फार पुरातन नव्हे. जेरेमी बेंथॅम या विधिपंडिताने १७८९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तो योजला आणि तो नवा असल्याची कबुली तेथेच दिली.

‘आंतरराष्ट्रीयीकरण’ हे पुढचे पाऊल. त्यातील ‘ई’ संस्कृतातल्या च्वि प्रत्ययाची खूण आहे : पूर्वी तसे नव्हते, ते तसे होणे. पुढे ‘करण’ आले की कर्ता हवा. ‘भवन’ आले की नको. पाण्याचे बाष्पीभवन आपोआप होते, शुद्धीकरण कोणीतरी करावे लागते.

२ फेब्रुवारी १९५५ रोजी भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार भारत व सोव्हिएत संघ यांच्यात झाला. तेव्हा दुर्ग जिल्हा ज्या मध्यप्रदेशात होता, त्याची राजधानी नागपूर होती. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. दोन राष्ट्रांच्या स्वाक्षऱ्यांनी घडलेल्या या गोष्टीला ‘करण’च शोभते. पण रशियन तंत्रज्ञ आणि देशाच्या नाना प्रांतांतून आलेले कामगार एकाच भट्टीपाशी उभे राहिले, तेव्हा त्यांच्यात जो शेजार जडला तो कराराने कसा नेमता येणार? आणि कुम्हारी? जिच्या नावात अजून मातीचा कुंभार ऐकू येतो, ती या करारात पक्षकार नव्हती. ती मुंबई-हावडा लोहमार्गावर, कारखान्याच्या वाटेवर होती, एवढेच. तरी खेड्याची नगरपालिका झाली. तिच्या वाट्याला आले ते आमच्या मते ‘आंतरराष्ट्रीयीभवन’. शब्द उच्चारताना जीभ अडखळते, हे आम्हांला मान्य आहे. पण ‘बाष्पीभवन’ म्हणतानाही ती पहिल्या दिवशी अडखळलीच असेल.