फ्रीलान्स वेब डेव्हलपर नक्की काय करतो? पैसे, कोडची मालकी आणि गेमिंगचं गणित

आंबा विक्रेत्याची वेबसाइट, मंगल कार्यालयाचं बुकिंग पेज, एखाद्या क्लासचा ॲडमिशन फॉर्म. यातलं बरंचसं काम कुठल्याही मोठ्या आयटी कंपनीनं केलेलं नसतं. एक लॅपटॉप, बरं इंटरनेट आणि तीन-चार क्लायंट सांभाळणारा एकटा माणूस ते करतो. शेजाऱ्यांच्या भाषेत तो 'घरी बसून कॉम्प्युटरचं काहीतरी करतो'. त्याच्या स्वतःच्या भाषेत तो फ्रीलान्स वेब डेव्हलपर असतो.

काम दिसतं तेवढं सोपं नसतं आणि क्लायंटला सांगितलं जातं तेवढं अवघडही नसतं. पेजचा सांगाडा एचटीएमएलमध्ये, रंगरूप सीएसएसमध्ये आणि बटण दाबल्यावर काय घडायचं ते जावास्क्रिप्टमध्ये लिहिलं जातं. पडद्यामागे डेटाबेस आणि सर्व्हर असतो. अनेक साइट्ससाठी यातलं फारसं काही शून्यातून लिहावं लागत नाही, कारण २००३ साली आलेलं वर्डप्रेस हे मोफत सॉफ्टवेअर तयार असतं. आज जगातल्या ४० टक्क्यांहून जास्त वेबसाइट्स त्यावर चालतात. मग डेव्हलपर पैसे कशाचे घेतो? तर नेमकं काय बसवायचं, काय टाळायचं आणि रात्री अकराला साइट बंद पडली तर कुठे बघायचं, हे ठाऊक असण्याचे.

अर्धे पैसे आधी का मागतात?

कारण उरलेले अर्धे कधी येतील याचा भरवसा नसतो. 'फक्त एक छोटासा बदल' हे या धंद्यातलं सगळ्यात महाग वाक्य. पाच पानांची साइट ठरते, मग त्यात ब्लॉग येतो, मग पेमेंट गेटवे, मग 'ॲपसारखं दिसायला हवं'. दर मात्र पहिलाच राहतो. यावर उपाय एकच आणि तो कंटाळवाणा आहे. काय करणार, काय नाही, किती वेळा बदल करून देणार आणि पैसे कोणत्या टप्प्याला मिळणार, हे आधी लिहून घ्यायचं. व्हॉट्सॲपवरचं 'ओके सर' अगदीच काही नसण्यापेक्षा बरं, पण सही केलेला करार त्याहून कितीतरी बरा.

परदेशी क्लायंट हवे असतील तर बरेच जण अपवर्क किंवा फायव्हरसारख्या प्लॅटफॉर्मवर जातात. तिथे क्लायंटचे पैसे आधीच अडकवून ठेवण्याची सोय असते, म्हणून बुडण्याची भीती कमी. त्याची किंमतही असते. फायव्हर विक्रेत्याच्या कमाईतले २० टक्के कापून घेतं.

भारतातल्या क्लायंटनं पैसे थकवले तर एक हत्यार आहे, जे फारच कमी फ्रीलान्सर वापरतात. सरकारच्या 'उद्यम' पोर्टलवर एकट्या व्यक्तीलाही सूक्ष्म उद्योग म्हणून मोफत नोंदणी करता येते. २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार अशा पुरवठादाराचे पैसे ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात आणि ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. लेखी मुदत ठरलेलीच नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ पद्धतीनं व्याज लागतं. तक्रार सुविधा परिषदेकडे ऑनलाइन करता येते. फक्त ही नोंदणी काम हातात घेण्याआधी करून ठेवलेली बरी. पैसे अडकल्यावर केलेल्या नोंदणीवरून वाद होतात.

कराची बाजू तुलनेनं सोपी आहे. आयटी व्यावसायिकांना अंदाजित उत्पन्नाची सोय मिळते, जी १९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम ४४एडीए म्हणून ओळखली जाते. वर्षाची जमा ५० लाखांच्या आत असेल (रोखीचा वाटा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाख), तर निम्मी रक्कम नफा धरून त्यावर कर भरता येतो. खर्चाची प्रत्येक पावती सांभाळावी लागत नाही. महाराष्ट्रात सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा सर्वसाधारणपणे २० लाख रुपये आहे.

पैसे दिले, मग कोड कोणाचा?

इथे बहुतेक क्लायंट चकतात. आणि बरेच डेव्हलपरही.

भारतीय कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅम हा 'साहित्यकृती' मानला जातो. हो, कादंबरी आणि कोड कायद्याच्या एकाच कप्प्यात बसतात. कर्मचाऱ्यानं नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडची मालकी वेगळा करार नसेल तर कंपनीकडे जाते. फ्रीलान्सर मात्र कर्मचारी नसतो. त्यामुळे लेखी करारात मालकी क्लायंटच्या नावावर केलेली नसेल, तर कॉपीराइट साधारणपणे कोड लिहिणाऱ्याकडेच राहतो. क्लायंटनं पूर्ण पैसे मोजले असले तरी. साइट वापरायचा हक्क त्याला असतो, पण तोच कोड दुसऱ्याला विकायचा म्हटलं की अडचण सुरू होते. करारात मुदत लिहिली नसेल तर हस्तांतरण पाच वर्षांपुरतं आणि भूभाग लिहिला नसेल तर फक्त भारतापुरतं धरलं जातं.

डोमेनचं प्रकरण याहून रोजचं. साइटचं नाव डेव्हलपरनं स्वतःच्या ईमेलवरून घेतलेलं असतं, दोन वर्षांनी तो फोन उचलत नाही आणि दुकानदाराला कळतं की आपल्या दुकानाची पाटी दुसऱ्याच्या नावावर आहे. डोमेन आणि होस्टिंगचं खातं पहिल्या दिवसापासून क्लायंटच्याच नावावर असावं. यात डेव्हलपरचंही भलं असतं, रिन्यूअलची कटकट त्याच्या डोक्यावर राहत नाही.

शिकलेलं किती दिवस टिकतं?

एकेकाळी अनेकांचं घर फ्लॅशवर चालायचं. ॲनिमेशनवाल्या वेबसाइट्स, जाहिराती आणि ब्राउझरमधले असंख्य गेम फ्लॅशमध्ये बनायचे. आयफोननं फ्लॅश कधी घेतलंच नाही आणि एप्रिल २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी खुलं पत्र लिहून त्याची कारणं सांगितली. ॲडोबीनं २०१७ साली फ्लॅश बंद करण्याची घोषणा केली. ३१ डिसेंबर २०२० ला त्याचा सपोर्ट संपला आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेयरनं फ्लॅश चालवणंच थांबवलं. ॲक्शनस्क्रिप्ट शिकण्यात घालवलेली वर्षं मात्र अगदीच पाण्यात गेली नाहीत. ती भाषा जावास्क्रिप्टची जवळची नातेवाईक असल्यामुळे अनेक जण तिकडे वळले.

आता तोच प्रश्न एआयच्या रूपानं आलाय. साध्या भाषेत सांगून एआयकडून कोड लिहून घेण्याला आंद्रेई कारपथी यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये 'व्हाइब कोडिंग' असं नाव दिलं. पाच पानांची साधी साइट यातून खरंच बनते, आणि फक्त तेवढंच काम करणाऱ्यांनी काळजी करण्यासारखी परिस्थिती आहे. पण पेमेंट अडकलं, ग्राहकांचा डेटा बाहेर गेला, तर जाब विचारायला माणूसच लागतो.

आणि ही सगळी मंडळी गेम का खेळतात?

एक कारण अगदी व्यावहारिक. चांगला प्रोसेसर, भरपूर रॅम आणि मोठा मॉनिटर कामालाही लागतो आणि गेमलाही. दुसरं कारण जास्त रंजक आहे. सेकंदाला ६० वेळा चित्र बदलायचं असेल तर प्रत्येक फ्रेमसाठी जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात सगळं बसवण्याची सवय लागलेला माणूस वेबसाइटही हलकी बनवतो. जेएस१३के गेम्स ही २०१२ पासूनची स्पर्धा तर अख्खा गेम झिप करून १३ किलोबाइटमध्ये बसवायला सांगते. व्हॉट्सॲपवर येणारा 'गुड मॉर्निंग'चा एक फोटोसुद्धा बहुतेक वेळा याहून जड असतो.

कधीकधी गेमच बाजी मारतो. मार्च २०१४ मध्ये गॅब्रिएले चिरुली या १९ वर्षांच्या इटालियन वेब डेव्हलपरनं एका वीकेंडमध्ये '२०४८' हा आकडे जोडायचा गेम बनवला. आठवड्याच्या आत ४० लाखांहून जास्त लोक तो खेळून गेले. त्यानं कोड सगळ्यांसाठी खुला ठेवला, कारण मूळ कल्पना त्याची नव्हती. या प्रकारचा 'थ्रीज' हा गेम महिनाभर आधीच आला होता आणि तो घडवायला त्याच्या निर्मात्यांना वर्षाहून जास्त काळ लागला होता. नक्कल जगप्रसिद्ध झाली आणि मूळ गेम मागे पडला. त्यांची नाराजी समजण्यासारखी आहे. कॉपीराइट कोडला आणि चित्रांना मिळतो, खेळाच्या नियमांना नाही. त्यामुळे कायदा त्यांच्या फारसा कामी येणारा नव्हता.

भारतातल्या फ्रीलान्सरसाठी गेमिंगची एक बाजू आता थेट कायद्याची झाली आहे. ऑनलाइन गेमिंगसंबंधीच्या केंद्राच्या कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर त्यात बंदी आहे, मग तो नशिबाचा असो की कौशल्याचा. असा गेम पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. बंदी फक्त मालकापुरती नाही, गेम पुरवायला मदत करणंही तिच्यात येतं. म्हणजे 'रमीची साइट बनवून दे, पैसे डबल देतो' म्हणणारा क्लायंट आला, तर धोका साइट बनवणाऱ्यालाही आहे. या कायद्याला न्यायालयात आव्हान देण्यात आलं आहे. ई-स्पोर्ट्स आणि पैज नसलेले गेम यातून बाहेर आहेत. अशा गेमसाठी एकरकमी फी किंवा सबस्क्रिप्शन घ्यायला हरकत नाही, फक्त ते पैसे जिंकण्या-हरण्याशी जोडलेले नसावेत.