पुरावा कोणी द्यावा?

आकुर्डीपासून चाकणपर्यंत कोणत्याही कारखान्याच्या फाटकाशी सकाळी उभे राहावे. पाळीवर येणाऱ्यांचे बिल्ले तपासणारा गृहस्थ पुष्कळदा पलटणीतून आलेला असतो. आम्ही संघटनेची माणसे त्याच्याशी फाटकावर हुज्जत घालतो आणि पाळी सुटल्यावर त्याच्याच बाकावर चहा पितो. अशाच एका बाकावर तोफखान्यातल्या एका निवृत्त हवालदाराने आम्हांला आपला कागद दाखविला. त्याला डाव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही. निवृत्तीच्या वेळी वैद्यकीय मंडळाने वीस टक्के अपंगत्व मान्य केले होते, आणि पुढच्याच रकान्यात लिहिले होते की ते सेवेमुळे आलेले नाही. वीस वर्षे तोफेशेजारी उभा राहिलेला माणूस! हा कागद चौदा वर्षे पेटीत पडून होता. अपील का केले नाही, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, "भाऊ, साहेबांची सही आहे, म्हणजे बरोबरच असणार की."

या उत्तराने आम्हांला आमच्याच इतिहासाकडे वळविले. कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ साली झाला. अपघात कामावर असताना आणि कामामुळेच झाला, हे दाखविण्याचा भार जखमी कामगारावर पडे. हात तुटलेल्या माणसाने साक्षीदार कोठून आणावा? साक्षीदार तर त्याच मालकाचे नोकर. राज्य विम्याच्या १९४८ च्या कायद्यात १९६६ साली दुरुस्ती झाली आणि ५१-अ हे कलम आले. कामावर असताना झालेला अपघात, उलट पुरावा नसल्यास, कामामुळेच झाला असे मानावे, एवढेच ते कलम सांगे. पुढे हे दोन्ही कायदे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावले गेले. परंतु त्या एका वाक्याने किती बोटांची भरपाई पदरात पडली, हे प्रेसवर काम केलेल्यांस सांगावयास नको.

जवानाचे काय? सैन्याच्या १९६१ च्या पेन्शन नियमांत दोन अटी होत्या : अपंगत्व सेवेमुळे आलेले किंवा सेवेने वाढलेले हवे, आणि ते निदान वीस टक्के हवे. लढाईतल्या गोळीची गोष्ट सोपी असते. इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात जखमी झाले, १९७२ साली हायडलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक मिळविते झाले, आणि पुढे टेल्कोच्या पुण्याच्या कारखान्यात नोकरीस होते. त्यांच्या जखमेचे कारण कोणी विचारले नसते. पण कान, रक्तदाब, फेफरे? येथे खरा वाद सुरू होतो. १९८२ च्या नियमांनी जवानाच्या बाजूने गृहीत धरावयास सांगितले होते. प्रत्यक्षात मात्र एका ओळीच्या शेऱ्याने दावे निकालात निघत.

सिग्नल्समधील शिपाई धरमवीर सिंग १९८५ साली भरती झाला आणि सुमारे नऊ वर्षांनी फेफऱ्यामुळे वीस टक्के अपंगत्व घेऊन बाहेर पडला. त्याला पेन्शन नाकारले गेले. २ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला : भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस निरोगी होता असे धरावे, आणि उलट सिद्ध करण्याचा भार सरकारवर. म्हणजे कामगाराला १९६६ साली कायद्याने जे मिळाले, ते जवानाला नियमपुस्तकात असूनही न्यायालयातून मिळवावे लागले.

उशिराची किंमतही मोजावी लागते. तरसेम सिंग १९८३ साली सैन्यातून बाहेर पडला आणि १९९९ साली न्यायालयात गेला. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याची थकबाकी अर्जापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच मान्य केली. बाकीची वर्षे गेली ती गेली. २१ सप्टेंबर २०२३ पासून तर नियमच नवे आले आहेत. तेव्हा आपण कोणत्या साली बाहेर पडलो हे प्रत्येकाने आधी पाहावे.

आमच्या हवालदाराचा अर्ज आम्ही त्याच बाकावर लिहिला. आधी अपील, तेथे नकार आला तर २००७ च्या कायद्याने स्थापन झालेले सशस्त्र दल न्यायाधिकरण, त्याचे पीठ मुंबईस आहे. भरतीच्या वैद्यकीय तपासणीची नक्कल मागविली आहे. त्या दिवशी डॉक्टरने त्याला पाठमोरे उभे करून मागून कुजबुजत काही शब्द म्हटले होते, आणि त्याने ते जसेच्या तसे परत म्हणून दाखविले होते, असे तो सांगतो. अर्जाची पहिली ओळ आम्ही तीच लिहिली.